तुंबलेली रांग

४ फेब्रुवारी

ताईसाहेब,

दुकानातून लिहितोय. समोर एक गृहस्थ अर्ध्या तासापासून आरशासमोर उभे राहून फ्रेम निवडताहेत. त्यांचं ठरेपर्यंत माझं पत्र पुरं होईल असा अंदाज आहे.

मुद्द्याचं आधी. आईच्या उजव्या डोळ्यातला दाब आता थेंबांना दाद देत नाही. काल डॉक्टरबाईंनी स्पष्टच सांगितलं, ऑपरेशन करून टाका. डावा डोळा लहानपणापासून नावापुरता आहे हे तुला माहीत आहे. आईचा सगळा कारभार उजव्यावर. छापखान्यात तीस वर्षं मुद्रितं तपासली ती त्याच डोळ्याने आणि अजूनही घरी आणून तपासते. काचबिंदूचं असं असतं की गेलेली नजर परत येत नाही, उरलेली तेवढी राखता येते. म्हणून करायचं तर लवकर. २६ तारीख मोकळी आहे असं बाई म्हणाल्या.

आता आपला घरचा कायदा. बाबांचं वर्कशॉप विकताना फोनवर आपण दोघं एकदम बोललो आणि नंतर वर्षभर बोललोच नाही, तेव्हा आईने घालून दिलेला. महत्त्वाचं ते कागदावर, उत्तर आल्याशिवाय पुढचं पत्र नाही आणि मोठी गोष्ट तिघांच्या होकाराशिवाय नाही. फोनवर फक्त हवापाणी. तर आईचा होकार आहे, माझा आहे, तुझा तेवढा पाठव.

तुझ्या त्या नेटवर्क कार्डाचं कसं चाललंय? शेजारीपाजारी विचारतात, ताई काय करते? मी सांगतो, माहिती फार वेगाने धावत येते आणि ताई तिला रांगेत उभी करते. बरोबर ना?

लाल शाई आईची. माझी पत्रं तपासल्याशिवाय ती पाकिटात जाऊ देत नाही. मी चाळिशीला आलो हे तिला मान्य नाही.

तुझा आज्ञाधारक,
चष्मेवाला

———

१२ फेब्रुवारी

चष्मेवाले बंधुराज,

आईला सांग, घाबरायचं नाही, मी आहे. आणि तूही उगाच घाई करू नकोस. माझ्या ओळखीचे डोळ्यांचे एक मोठे डॉक्टर आहेत, त्यांचं मत घेतल्याशिवाय कोणी आईच्या डोळ्याला हात लावायचा नाही. सगळे रिपोर्ट मला पाठव. नजरेचा घेर मोजतात त्याचे नकाशे, दाबाचे आकडे, थेंबांची नावं, सगळं. मी बघते, त्यांना दाखवते, मग तारीख ठरवू. तोपर्यंत काहीही ठरवायचं नाही.

रांगेचं तुझं जवळपास बरोबर आहे, पण 'उभी करते' एवढ्यात आटपू नकोस, तिथेच तर माझं डोकं लागलंय. तारेतून माहितीची छोटी छोटी पॅकेटं येतात ती आमच्या कार्डावर. कार्ड ती वेगवेगळ्या रांगांत वाटतं, एकेक रांग एकेका प्रोग्रॅमची. प्रोग्रॅमने आपल्या रांगेत रिकामे खण मांडून ठेवायचे, कार्डाने त्यात पॅकेट टाकायचं, प्रोग्रॅमने उचलायचं आणि खण पुन्हा मोकळा करून द्यायचा. प्रोग्रॅम सुस्त निघाला की खण संपतात. मग पुढच्या पॅकेटचं काय करायचं? बाकीचे लोक ते सरळ टाकून देतात. पाठवणारा बिचारा पुन्हा पाठवतो. मी म्हटलं, आपल्याकडे हा गबाळेपणा चालणार नाही. खण संपत आले की कार्डाने पलीकडच्याला 'थांब' म्हणायचं, जागा झाली की 'चालू दे' म्हणायचं. एकही पॅकेट सांडता कामा नये.

३१ मार्चला चाचणी आहे. हवामानाचा अंदाज बांधणारी मोठी संस्था आहे, शेकडो कॉम्प्युटर एकमेकांशी सतत बोलत असतात. त्यांनी आमचं कार्ड घेतलं की माझी आठ वर्षं सार्थकी लागली. घेतीलच. कारण मी एकेक पॅकेटवर नजर ठेवून आहे. जे जे येतं त्याची प्रत एका नोंदवणाऱ्या मशीनकडे जाते आणि रोज सकाळी मी ते वाचते. मला न कळता तिथे काही घडत नाही.

आईच्या लाल शाईला माझा नमस्कार. 'अंदाज'वरचा तुझा अनुस्वार तिने पकडला, मला लहानपणची मजा आली.

तुझी,
सर्वज्ञ ताई

———

१७ फेब्रुवारी

ताई,

सोबत जाडजूड पाकीट आहे. डोळ्याचे सगळे कागद त्यात घातलेत, दोन वर्षांपूर्वीचे नकाशेही. शेजारी शेजारी ठेवून बघ, मला काही सांगावं लागणार नाही. २६ तारीख मी अजून सोडलेली नाही. बाईंनी पेन्सिलीने नाव लिहून ठेवलंय. तू लगेच दाखवलंस तर सगळं जमतं.

आईची तब्येत उत्तम आहे, तोंडही उत्तम चालू आहे. परवा पेल्यात पाणी ओतताना ते टेबलावर गेलं, तर म्हणाली पेलाच सरकला. मी पुसून घेतलं. ती हे वाचणार आहे, म्हणून जास्त लिहीत नाही.

तुझं रांगेचं पत्र मी दोनदा वाचलं. मला एक सुचलं. खण संपतात तर जास्त खण द्या की! माझ्याकडे गिऱ्हाइकं वाढली तेव्हा मी बाहेर बाक टाकला. एवढ्या शिकलेल्या लोकांना हे कसं सुचलं नाही?

उत्तर लवकर पाठव. हे मी कधी लिहीत नाही, या वेळी लिहितोय.

तुझा,
चष्मेवाला

———

१४ मार्च

बंधुराज,

उशीर झाला, कान पकडते. तू रागावला असशील, पण इथे काय चाललंय ते ऐकलंस तर मलाच धीर देशील.

आधी तुझ्या बाकाचा निकाल लावते. आमच्याकडे सगळ्यात पहिल्यांदा हेच करून बघितलं होतं. खण वाढवले की तुंबायला थोडा जास्त वेळ लागतो, बाकी काही होत नाही. वर पॅकेटं जास्त वेळ पडून राहतात ते वेगळंच. तुझ्या बाकावर बसलेली माणसं तरी आत लवकर जातात का?

आता आमचं. चाचणीची रंगीत तालीम सुरू केली आणि मध्येच सगळंच्या सगळं थांबायला लागलं. शेकडो कॉम्प्युटर एकदम गप्प. क्षणभरच, पण त्या धंद्यात क्षण म्हणजे फार झाला. कोणाचीही रांग भरलेली नाही, कोणताही प्रोग्रॅम सुस्त नाही, आणि तरी कुठूनतरी 'थांब' जातोय आणि सगळे उभे. मी आधी केबलवाल्यांना धारेवर धरलं. मग त्या केबल जिथे जुळतात त्या स्विचवाल्यांना. मग हवामानवाल्यांच्या प्रोग्रॅमला नावं ठेवली, त्यांनी मोठं पत्र पाठवलं. सध्या माझ्याशी कोणी धड बोलत नाही.

आमची हार्डवेअरवाली म्हणते, तुझं ते नोंदवणारं मशीन बंद करून बघू. मी म्हटलं, डोळे मिटून गाडी चालवायची का? गंमत ऐक. गेल्या मंगळवारी त्या खोलीतला एसी दुरुस्तीला काढला होता म्हणून ते मशीन दुपारभर बंद होतं. त्या दुपारी म्हणे एकदाही काही थांबलं नाही. सगळे माझ्याकडे धावत आले. मी विचारलं, नोंद कुठे आहे? नोंद कशी असणार, मशीन बंद होतं! मग मी कशाला मानू? जे माझ्या नोंदीत नाही ते झालंच नाही, असं मी सगळ्यांसमोर सांगितलं आणि विषय संपवला.

आईचे कागद सुखरूप आहेत, माझ्या टेबलावर. डॉक्टरांकडे न्यायला अजून वेळ मिळाला नाही, या आठवड्यात नक्की. २६ तारीख गेली तर गेली, दुसरी घेऊ, तारखांना काय तोटा? पण मी बघितल्याशिवाय नाही.

आणि हो, तुझं मागचं पत्र बघून मौज वाटली. डावीकडे ओळीच्या सुरुवातीला तू चक्क चार ठिकाणी माती खाल्लीस आणि आईने एकही लाल खूण केली नाही. म्हातारपणी बाई मवाळ झाली म्हणायची.

तुझी,
ताई

———

१९ मार्च

ताई,

हे पत्र आईला दाखवणार नाही. त्यामुळे चुका तशाच राहतील, चालवून घे.

आई मवाळ झालेली नाही. तिला डावीकडचं दिसत नाहीये. उजव्या डोळ्याच्या घेराची नाकाकडची बाजू गेली आहे, म्हणून ओळीचं पहिलं अक्षर तिच्या नजरेतून निसटतं. पेला सरकला नव्हता. छापखान्यातून मागच्या महिन्यात तपासलेली पानं परत आली, ती मी तिला न दाखवता दुकानात ठेवली आहेत. तिला स्वतःला हे कळत नाही, या आजारात कळतच नाही. ती म्हणते उजेड कमी झालाय, बल्ब बदल. मी घरातले सगळे बल्ब बदलले.

२६ तारीख गेली. बाईंनी ती दुसऱ्या कोणाला दिली. आता ९ एप्रिल म्हणताहेत, आणि परवा पुन्हा मोजलं तेव्हा काळा भाग आधीपेक्षा वाढलेला होता. मी दुकानात रोज येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो, डोळ्याचं काम पुढे ढकलू नका. लोक ऐकतात. आणि घरी मी स्वतः तुझ्या पाकिटाची वाट बघत पोस्टमनच्या वाटेवर डोळे लावून बसलोय. सगळं घर तुझ्या एका होकारासाठी उभं आहे आणि तू तिथे केबलवाल्यांना शिव्या देते आहेस.

तू वाईट नाहीस हे मला माहीत आहे. पण मला तुझा फार राग आला आहे, आणि तो या पत्रातून जायला हवा म्हणून लिहिलं. हो किंवा नाही, एक शब्द पाठव.

———

२५ मार्च

बाळा,

होकार. होकार. शंभर वेळा होकार. ९ एप्रिलची वाट बघू नका, उद्याची मिळाली तर उद्याची घ्या. त्या मोठ्या डॉक्टरांना मी कागद दाखवलेले नाहीत आणि दाखवणारही नाही. काल रात्री जेवणाच्या टेबलावर मी ते नकाशे शेजारी शेजारी ठेवले. तू म्हणाला होतास तसंच झालं, कोणाला काही सांगावं लागलं नाही. पाकीट महिनाभर माझ्यापासून हातभर अंतरावर पडलेलं होतं. मला आईच्या डोळ्याची भीती वाटली, आणि ती आजवर वाटली नव्हती याची जास्त लाज वाटली.

तुझं पत्र काल सकाळी आलं. वाचून पर्समध्ये टाकलं आणि कामावर गेले. हार्डवेअरवाली पुन्हा तेच म्हणाली, नोंदवणारं बंद कर. या वेळी मी वाद घातला नाही. उठले आणि त्याची वायर माझ्या हाताने काढली. त्यानंतर संध्याकाळपर्यंत काहीही थांबलं नाही.

मीच होते रे. माझ्या हुकमाने प्रत्येक पॅकेटची प्रत त्या मशीनच्या रांगेत जात होती. त्याची डिस्क बिचारी लिहून लिहून दमायची, रांगेतले खण संपायचे, आणि माझ्याच नियमाप्रमाणे कार्ड 'थांब' म्हणायचं. आमच्या त्या 'थांब'वर कोणत्या रांगेसाठी हे लिहिलेलंच नसतं. ऐकणारा सगळ्यांचंच पाठवणं थांबवतो. नोंदीत मी सगळ्यांच्या रांगा तपासत होते, फक्त नोंदवहीची स्वतःची रांग तपासायचं सुचलं नाही, कारण ती माझी होती.

आता बदल केला आहे. प्रत्येक रांग आपल्यापुरतं सांगेल, माझ्याकडे एवढी जागा आहे, एवढंच पाठव. एक अडली तर तिच्यापुरतं अडेल, बाकीच्यांनी चालत राहायचं. आणि नोंदवणाऱ्याच्या रांगेला 'थांब' म्हणायचा अधिकारच ठेवला नाही. तिला जमेल तेवढं तिने उचलावं, उरलेलं सांडू दे. हा शब्द आधी खोडला, मग पुन्हा लिहिला.

एक विचारायचं राहिलं. हे पत्र आईला दाखवणार नाही असं तू लिहिलंस. मग त्यावर लाल शाई कशी? आणि नीट बघ, नाही, तू कसा बघणार, पत्र माझ्याकडे आहे. या वेळी डावीकडच्या चुकाही पकडल्या आहेत. सगळ्या.

आई कुठे आहे?

ताई

———

२९ मार्च

ताई,

नियम मोडून तू फोन केलास आणि मी उचलला नाही, कारण आईने उचलू दिला नाही. म्हणाली, हे हवापाण्यातलं नाही.

ती घरी आहे. डोळ्यावर पट्टी आहे. ऑपरेशन सोमवारी झालं, तुझा होकार येण्याच्या पाच दिवस आधी. नीट झालं आहे, दाब उतरला आहे, बाई खूश आहेत.

पत्र मी टेबलावर ठेवून पाकीट आणायला गेलो होतो. तीस वर्षं मुद्रितं तपासलेल्या बाईसमोर न तपासलेला कागद ठेवून मी उठलो, यापरतं अडाणीपण नाही. परत आलो तर ती पान आडवं धरून, मान वाकडी करून एकेक ओळ बघत होती. सगळ्या चुका काढल्या, पाकीट माझ्या हातातून घेतलं, बंद केलं आणि मला म्हणाली, "जा, टाकून ये." मी येईपर्यंत तिने बाईंना फोन केलेला होता. कोणी तरी सोमवारचं रद्द केलं होतं, ती जागा तिने घेऊन टाकली. मला म्हणाली, "तुला कळवतेय. विचारत नाहीये."

पुढचं ती स्वतः लिहिणार आहे. मी काही लिहायचं नाही असा हुकूम आहे, तरी लिहिलं. तुझी चाचणी होईपर्यंत येऊ नकोस, असं तिचं सांगणं. माझं सांगणं वेगळं आहे. झाली की त्याच दिवशी नीघ.

तुझा,
चष्मेवाला

———

२४ एप्रिल

चिरंजीव मुली,

काल डॉक्टरबाईंनी वाचायला आणि लिहायला परवानगी दिली. पहिलं काम हे. अक्षर मोठं आहे, ते तुझ्यासाठी नाही, माझ्या सोयीसाठी.

तू आलीस, आठवडाभर राहिलीस, वेळच्या वेळी थेंब घातलेस. दर वेळी थेंब घातल्यावर तू माफी मागायला तोंड उघडत होतीस आणि दर वेळी मी तुला चहा टाकायला पाठवत होते. इतका चहा मी जन्मात प्यायले नाही. समोरासमोर ऐकवलं असतं तर तू रडली असतीस, मग मीही रडले असते, आणि रडायला डॉक्टरांची मनाई होती. म्हणून कागदावर.

तुझ्यावर मी रागावले होते. तुझ्या भावावरही रागावले होते. तू तिथून 'मी बघितल्याशिवाय नाही' म्हणत होतीस आणि हा इथे 'ताईचं पत्र येऊ दे' म्हणत होता. तुला वाटत होतं सगळं तुझ्या नजरेखाली आहे, त्याला वाटत होतं काही चुकलं तर दोघांनी मिळून चुकलेलं बरं. दोघांचीही छान सोय होती. डोळा मात्र माझा होता. आणि तिसरी मी. नियम मीच केलेला, म्हणून मुकाट्याने बसले. तुमचं भांडण पुन्हा होऊ नये म्हणून केलेल्या नियमापायी मी माझ्या डोळ्याची एक बाजू घालवली. ती गेली. तिच्याबद्दल तुम्हा दोघांकडून मला एक शब्दही ऐकायचा नाही. उरलेली पुष्कळ आहे, आणि मान वळते.

नवा नियम असा. माझ्या शरीराचं मी ठरवीन. तुम्हाला कळवलं जाईल. पत्र वेळेवर पोचलं तर उत्तम, नाही पोचलं तर तुम्हाला उशिरा कळेल. तुमच्या भांडणांसाठी जुना नियम चालू राहील.

तुझ्या यंत्राचं मला तुझ्या भावाने समजावलं, मग तू समजावलंस. दोघांनीही नीट समजावलं नाही. पण हवामानवाल्यांनी घेतलं एवढं समजलं आणि फार आनंद झाला. मी शेजारणीला सांगितलं, माझ्या मुलीने केलं. नोंद अर्धवट राहिली म्हणून हळहळत होतीस, तर ते सोडून दे. मी इतकी वर्षं पुस्तकं तपासली, एकही अगदी निर्दोष निघालं नाही, आणि लोकांनी ती वाचलीच.

छापखान्यात जाऊन आले. त्यांना सगळं सांगितलं. परत आलेली पानं तुझ्या भावाकडून मागून घेतली आहेत, ती आता पुन्हा तपासून देणार आहे. आता मी पट्टी वापरते. ओळीच्या सुरुवातीला तांबडी पट्टी उभी ठेवायची, ती दिसेपर्यंत मान वळवायची, मग वाचायला लागायचं. वेग कमी झालाय. मालक म्हणाले, चालेल. मी म्हटलं, चालेलच.

तुझं २५ मार्चचं पत्र परत पाठवतेय. तेव्हा ते मला वाचून दाखवलं होतं, काल मी स्वतः वाचलं. त्यात अकरा चुका आहेत. डावीकडच्या चार धरून.

आई